हलते भजनी मंडळ आणि ध्वनिमुद्रित भजन: ताल कसा जुळवावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरच्या गणपतीपुढे ठेवण्यासाठी प्रश्नकर्त्यांनी बसून एक फूट उंच भरतील अशा पाच पुतळ्यांचे भजनी मंडळ तयार केले आहे: एक गायक, एक पेटीवाला, एक तबलजी आणि दोन टाळकरी. त्यासाठी दहा एसजी-90 सर्वो (सांगितलेल्या कोनात फिरणाऱ्या छोट्या मोटरी), एक आर्डुइनो उनो (त्यांना हुकूम देणारा छोटा प्रोग्रामेबल बोर्ड), गाणे वाजवणारे डीएफप्लेअर मॉड्यूल आणि केरव्यातले, म्हणजे आठ मात्रांच्या तालातले, सुमारे पाच मिनिटांचे एक भजन एवढी सामग्री वापरली आहे. तक्रारी तीन आहेत. सुरुवातीला नेमका जुळलेला तबलजी तिसऱ्या मिनिटापर्यंत डोळ्यांना खुपेल इतका मागे पडतो. सगळ्यांचे हात थरथरतात. आणि हे दोन्ही कसेबसे सावरले तरी माणसे वाजवत आहेत असे वाटत नाही, यंत्र हलते आहे असेच वाटते.

गणेशोत्सवातल्या हलत्या देखाव्यांची यंत्रणा करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, त्यामुळे उत्तर जरा सविस्तर देतो. पहिल्या दोन तक्रारींना सरळ तांत्रिक उपाय आहेत. तिसरीचे मूळ मात्र एका समजुतीत आहे: आवाज आला की हात हलवायचा, ही ती समजूत. ध्वनिमुद्रण आपल्याला फक्त ठोका पडण्याचा क्षण देते. हात उचलणे, तो वर क्षणभर तरंगणे आणि खाली येणे हे सगळे त्या क्षणाच्या आधी घडून गेलेले असले पाहिजे, म्हणून संपूर्ण हालचालीचा हिशेब त्या क्षणापासून उलटा मांडावा लागतो.

आधी मागे पडण्याविषयी. आपल्या रचनेत दोन घड्याळे आहेत. गाणे डीएफप्लेअरच्या घड्याळावर चालते आणि हात आर्डुइनोच्या. उनोवरच्या मुख्य चिपला क्वार्ट्झ स्फटिक नसून सिरॅमिक रेझोनेटर असतो आणि त्याची अचूकता बेताचीच असते. दोन घड्याळांत हजारात एक एवढाच फरक धरला तरी पाच मिनिटांत तो 300 मिलीसेकंदांचा होतो, म्हणजे मध्यलयीतल्या केरव्याची एक अख्खी मात्रा आणि वर थोडे. त्यात प्ले हा हुकूम दिल्यापासून प्रत्यक्ष आवाज निघेपर्यंतचा विलंब मेमरी कार्डाप्रमाणे बदलतो. मॉड्यूलच्या बिझी पिनेवरून गाणे सुरू झाल्याचे कळते आणि सुरुवातीची चूक तेवढ्याने बरीच आटोक्यात येते, पण नंतरची घसरण चालूच राहते. बरेच जण शेवटी प्रोग्राममध्ये एखादा जादूचा गुणक टाकून वेळ भागवतात आणि तो गुणक पुढच्या वर्षी दुसऱ्या बोर्डावर निरुपयोगी ठरतो.

यावरचा उपाय जुना आहे. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये 1963 साली गाणाऱ्या यांत्रिक पक्ष्यांचे दालन सुरू झाले, तेव्हा पक्ष्यांच्या हालचालींचे संकेत आवाजाबरोबर चुंबकीय फितीवरच मुद्रित केलेले होते. फीत एकच असल्यामुळे ती थोडी हळू किंवा जलद चालली तरी आवाज आणि चोच बरोबरच सरकत. आपल्याकडे फीत नसली तरी स्टिरिओ फाइल आहे. भजन मोनो करून डाव्या वाहिनीवर ठेवावे आणि उजवी वाहिनी केवळ खुणांसाठी राखावी. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे काम एका संध्याकाळचे आहे. गाणे ऐकत प्रत्येक समेला, म्हणजे तालाच्या प्रत्येक फेरीच्या (आवर्तनाच्या) पहिल्या मात्रेला, लेबल टाकायचे, नंतर तरंगाकृती मोठी करून ते लेबल ठोक्याच्या नेमक्या उभ्या कडेवर सरकवायचे, आणि सगळी लेबले मजकुराच्या फाइलमध्ये निर्यात करायची. त्या फाइलमध्ये प्रत्येक समेची वेळ सेकंदांत मिळते. मग उजव्या वाहिनीवर प्रत्येक समेच्या बरोबर 250 मिलीसेकंद आधी एक हजार हर्ट्झचा छोटा टिक ठेवायचा. तो समेवर न ठेवता आधी का ठेवायचा, हे वर म्हटलेल्या उलट्या हिशेबावरून लक्षात येईल: टिक ऐकू आला की हाताला उचल घेऊन समेवर उतरायला तेवढा अवधी मिळतो.

इथे तीन पथ्ये पाळावीत. फाइल एमपी-3 न ठेवता वेव्ह ठेवावी, कारण एमपी-3 करताना फाइलच्या आरंभी थोडी शांतता मिसळते आणि जॉइंट स्टिरिओमध्ये (दोन्ही वाहिन्या एकत्र साठवण्याच्या पद्धतीत) टिकचा अंश गाण्याच्या वाहिनीत झिरपू शकतो. डीएफप्लेअरच्या स्पीकरच्या पिना वापरू नयेत, कारण तिथे दोन्ही वाहिन्या एकत्र होऊन बाहेर पडतात आणि भजनात टिकटिक ऐकू येते. डावी आणि उजवी अशा स्वतंत्र डॅक पिना (वाहिनीचा आवाज थेट बाहेर देणाऱ्या) आहेत, त्यातली डावी अँप्लिफायरला आणि उजवी आर्डुइनोच्या अॅनालॉग पिनेला जोडावी. तिसरे पथ्य म्हणजे ब्लूटूथ स्पीकर टाळावा. त्याचा विलंब सहज शंभर ते दोनशे मिलीसेकंदांचा असतो आणि स्पीकर बदलला की तोही बदलतो. वायरीचा साधा स्पीकर चौथऱ्यातच बसवावा. आवाज पुतळ्यांच्या जागेवरून आला पाहिजे, खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यातून नव्हे.

केवळ समेच्या खुणा पुरतात का, अशी शंका येईल. पाच मिनिटांच्या भजनात एक आवर्तन दोन सेकंदांचे धरले तर दीडशे समा होतात. त्यांच्यामधली अंतरे आर्डुइनोच्या फ्लॅश मेमरीत दीडशे आकड्यांचा तक्ता म्हणून आरामात मावतात. प्रत्येक ठोका स्वतंत्र नोंदवू गेलात तर हजाराहून अधिक नोंदी कराव्या लागतात. आवर्तनाची लांबी तक्त्यातून घ्यावी, तिचे आठ सारखे भाग करून मात्रा काढाव्यात आणि प्रत्येक टिकला घड्याळ पुन्हा जुळवून घ्यावे. अपेक्षित वेळेच्या शंभर मिलीसेकंद मागे-पुढे जो टिक येईल तोच खरा मानावा. बाकीचा गोंगाट सोडून द्यावा. माणसाने वाजवलेली लय भजन रंगू लागले की चढतेच, आणि ती चढण या पद्धतीत आपोआप हातांत उतरते. लग्गी (जलद बोलांची खेळकर बढत) किंवा तिहाई (तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा) असेल तेवढ्या जागा मात्र ठोक्यानिशी वेगळ्या नोंदवाव्या लागतील. लय अशी चढते म्हणूनच ठरावीक गतीची मोटर आणि कॅम (फिरता फिरता तरफ उचलणारी चकती) हे जोडकाम वादनाला चालत नाही. मोठ्या देखाव्यात वायपर मोटरवर डुलणारे भक्त शोभतात, कारण डुलण्याला मात्रा नसते. पण त्याच मोटरवर मृदंग वाजवायला बसवलेली मूर्ती दुसऱ्या कडव्यात उघडी पडते.

आता थरथर. तिची कारणे सहसा तीन असतात आणि ती एकमेकांत मिसळलेली असतात. पहिले वीजपुरवठ्याचे. एसजी-90 अडकला तर साधारण 650 ते 700 मिलिअँपिअर ओढतो, म्हणजे दहांचे मिळून सात अँपिअर झाले. 5 व्होल्ट, 10 अँपिअरचा स्वतंत्र एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) घ्यावा. पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला तो सहज मिळतो. आर्डुइनोच्या 5 व्होल्ट पिनेवरून सर्वो चालवू नयेत, दोन्हींचे ग्राउंड मात्र जोडावे आणि सर्वोंच्या ओळीजवळ 1000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकावा. दुसरे कारण प्रोग्राममधले आहे आणि ते पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. डीएफप्लेअरशी सॉफ्टवेअर सीरियलने बोलताना आर्डुइनो इतर कामांचे इंटरप्ट (मध्येच लक्ष वेधणारे संकेत) रोखून धरतो, त्यामुळे सर्वोच्या पल्सची, म्हणजे कोन सांगणाऱ्या विद्युतस्पंदाची, रुंदी त्या क्षणापुरती चुकते आणि सगळे हात एकदम शहारतात. पीसीए-9685 हा सोळा वाहिन्यांचा बोर्ड पल्स स्वतः तयार करतो. तो बसवला की हा प्रकार थांबतो.

तिसरे कारण भूमितीचे आहे. बसून एक फूट म्हणजे पुतळा खऱ्या माणसाच्या साधारण एक तृतीयांश झाला, म्हणजे कोपरापासून बोटांपर्यंतचा हात जवळपास 15 सेंटिमीटरचा. एसजी-90 च्या प्लॅस्टिक गिअरमध्ये एका अंशाची ढिलाई असली तरी बोटांच्या टोकाशी ती अडीच मिलिमीटर होते, आणि एवढी थरथर चार फुटांवरून स्पष्ट दिसते. म्हणून हात थेट सर्वोच्या अक्षावर बसवू नये. सर्वो चौथऱ्यात ठेवावा, त्याच्या शिंगातले (अक्षावर बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या पट्टीतले) अक्षापासून 8 मिलिमीटरवरचे छिद्र धरावे आणि हाताची तरफ 24 ते 32 मिलिमीटर ठेवावी. सर्वो जेव्हा चाळीस अंश फिरेल तेव्हा हात दहा ते तेरा अंश फिरेल, आणि ढिलाईही त्याच प्रमाणात घटेल. दुव्यासाठी सायकलची स्पोक उत्तम: दोन मिलिमीटर जाडीची, सरळ, आणि टोकाला आटे असल्यामुळे लांबी बारीक जुळवता येणारी. वळणावळणाने न्यायचे असेल तर टेफ्लॉनच्या बारीक नळीतून गिटारची पोलादी तार ओवावी. कोपराशी एक हलके रबरबँड किंवा पेनातली स्प्रिंग अशी लावावी की हात नेहमी एकाच बाजूला ओढलेला राहील. मग उरलीसुरली ढिलाईही दिसत नाही. सर्वो चौथऱ्यात गेल्याचा आणखी एक लाभ असा की त्यांची किरकिर फेल्ट लावलेल्या पेटीत दबते. आलाप चालू असताना दहा सर्वोंचा गुणगुणाट ऐकू येणे हा रसभंगच आहे.

तबलजीकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे, कारण पाहणारा ताल त्याच्या हातांवर तपासतो. केरव्याचा ठेका घ्या: धा गे ना ती । ना क धिं ना. दोन हातांत त्याची वाटणी केली की असे दिसते: 'धा' आणि 'धिं' ला दोन्ही हात, 'ना' आणि 'ती' ला फक्त उजवा, 'गे' आणि 'क' ला फक्त डावा. म्हणजे आठ मात्रांत उजवा हात सहा वेळा पडतो आणि डावा चार वेळा. दोन्ही हात आलटून पालटून सारखे हलवणारे पुतळे मी पुष्कळ पाहिले आहेत. तबला न शिकलेल्या माणसालाही त्यात काहीतरी चुकते आहे असे जाणवते, फक्त काय ते त्याला सांगता येत नाही. डाव्या हाताचेही दोन प्रकार आहेत. 'गे' ला मनगट डग्ग्यावर टेकलेले असते आणि बोटे पडून लगेच उठतात. 'क' ला अख्खा पंजा सपाट पडतो आणि तिथेच राहतो. एका सर्वोनेही हा फरक दाखवता येतो: 'गे' नंतर हात दोन-तीन अंश वर परतवावा, 'क' नंतर पुढच्या ठोक्याच्या उचलीपर्यंत तो खालीच ठेवावा. बोटे वेगळी हलवण्याच्या फंदात पडू नये. या आकारात ती दिसत नाहीत आणि बिघडतात मात्र नेमकी आरतीच्या वेळी.

उचलही प्रत्येक ठोक्याला सारखी नसावी. समेच्या 'धा' ला बारा अंश, 'धिं' ला आठ, मधल्या 'ना' ला पाच एवढे तीन टप्पे पुरतात. बारा अंशांत बोटांचे टोक तीन सेंटिमीटर वर जाते, जे या आकाराला भरपूर आहे. वर जाताना सावकाश आणि खाली येताना झपकन, असा आलेख ठेवावा. आवर्तन दोन सेकंदांचे असेल तर एका मात्रेला 250 मिलीसेकंद मिळतात. त्यातले सुमारे 120 उचलीला, 60 ते 80 उतरायला आणि उरलेले टेकून राहायला द्यावेत. सर्वोला नवा हुकूम दर 20 मिलीसेकंदांनी जातो, म्हणजे उतरण्याला तीन-चार टप्पेच मिळतात. त्यापेक्षा नाजूक आलेख कागदावरच राहतो. लय दुप्पट झाली की सर्व ठोके दाखवण्याचा हट्ट सोडून द्यावा. सम, पाचवी मात्रा आणि डग्ग्याचे ठोके पूर्ण दाखवावेत, मधले हात केवळ तीन-चार अंशांनी थरकू द्यावेत. द्रुत लयीत खऱ्या तबलजीचा हातही डोळ्यांना असाच अस्पष्ट दिसतो.

हात तबल्याला प्रत्यक्ष टेकवू नये. पुडीच्या (तबल्याच्या चामड्याच्या) वर एक-दोन मिलिमीटर जागा ठेवावी, नाहीतर सर्वो शेवटपर्यंत पोहोचण्यासाठी ढकलत राहतो, घरघरतो आणि तापून जातो. टाळकऱ्यांचे दोन टाळ एकमेकांना लावायचेच असतील तर खरे पितळी टाळ नकोत. रंगवलेले चामड्याचे किंवा पातळ लाकडाचे चालतील, म्हणजे ध्वनिमुद्रणातल्या टाळांवर यांचा खटखटाट चढणार नाही.

जुळणी किती काटेकोर हवी, याचे माप दूरचित्रवाणीच्या क्षेत्रात पूर्वीच काढलेले आहे. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या शिफारशीप्रमाणे आवाज चित्राच्या 45 मिलीसेकंद आधी आला तरी प्रेक्षकाला कळते. तो उशिरा आला तर मात्र 125 मिलीसेकंदांपर्यंत सहसा कळत नाही. दूरचा आवाज नेहमी दृश्यामागूनच येतो, त्यामुळे डोळा-कानांना ती सवय आहे. आपल्यासाठी याचा अर्थ स्पष्ट आहे: हात चुकायचाच असेल तर तो आवाजाच्या आधी पडून चुकावा. म्हणून सगळे हिशेब झाल्यावरही मी हात 20 ते 30 मिलीसेकंद लवकर उतरवतो.

पेटीवाल्याचा डावा हात भात्यावर असतो आणि लोक तोही तालात हलवतात. तिथेच तो फसतो. भाता मात्रेवर चालत नाही, सुरांना लागणाऱ्या हवेवर चालतो. दीर्घ सुराच्या आधी तो एकदा भरला जातो आणि मग मनाप्रमाणे सावकाश मिटतो. तेव्हा भात्यासाठी तालाचा तक्ता न वापरता ओळीओळीच्या आरंभी वेगळी लेबले टाकावीत आणि दोन हालचालींतले अंतर मुद्दाम असमान ठेवावे. उजवा हात स्वरानुसार पट्ट्यांवर डावी-उजवीकडे दोन सेंटिमीटर सरकला की पुरते. गायकाच्या तोंडाचेही तसेच: प्रत्येक अक्षराला जबडा हलवला तर तो चघळतो आहे असे दिसते. दीर्घ स्वरांवर जबडा उघडावा, ओळीच्या शेवटी मिटावा, आणि आलाप असेल तर तोंड उघडे ठेवून मान किंचित हलवावी. दहा अंशांचा जबडा पुष्कळ झाला.

यंत्रासारखे दिसण्याचे मुख्य कारण आपल्या दहा सर्वोंच्या वाटपातच आहे, असे मला वाटते. आठ सर्वो हातांना, एक जबड्याला आणि एक गायकाच्या मानेला दिलेला दिसतो. म्हणजे चार माणसे मान न वळवता बसलेली आहेत. स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेलच्या संग्रहालयात जाके-द्रो यांनी 1774 च्या सुमारास पूर्ण केलेली ऑर्गन वाजवणारी यांत्रिक युवती आहे. तिची बोटे खरोखरच पट्ट्या दाबतात, ही कारागिरी थोरच. पण पाहणाऱ्यांना ती जिवंत वाटते ती तिची छाती श्वासाने वरखाली होते आणि नजर हातांमागे फिरते म्हणून. आपल्याला एवढे करायचे नाही. टाळकऱ्यांचे दोन्ही हात एका सर्वोवर तरफेने जोडा, म्हणजे दोन सर्वो सुटतील. ते तबलजीच्या आणि पेटीवाल्याच्या मानेला द्या. मग तबलजी ओळ सुरू होताना गायकाकडे बघेल, समेवर मान देईल आणि पुन्हा तबल्याकडे वळेल. समेवर सर्वांच्या माना एकाच क्षणी हलू देऊ नका. प्रत्येकाला 40 ते 80 मिलीसेकंदांचा वेगवेगळा उशीर द्या. ठोका मात्र कोणाचाही हलवू नका. हातांची शिस्त आणि मानांची मोकळीक या दोहोंतूनच मैफल दिसू लागते. शिवाय कडव्यांच्या मध्ये, जिथे पेटी एकटी वाजते, तिथे टाळकऱ्यांना थांबू द्या. वाजत नसताना थांबलेला वादक हे फारच खात्रीचे दृश्य आहे आणि त्याला एकही सर्वो लागत नाही. थांबलेल्या सर्वोचा पल्स बंद करता येतो, पण हात खाली लोंबू नये म्हणून कोपरामागे शिशाचा छोटा तुकडा समतोलाला लावावा.

पोशाखाबद्दल एकच सूचना. नव्या कोऱ्या कापडाची खळ हाताला अडवते आणि दहा अंशांच्या हालचालीतले दोन-तीन अंश खाऊन टाकते. जुन्या धोतराच्या मऊ कापडाची सैल बाही शिवावी आणि काखेत शिवण मोकळी ठेवावी. अंगासाठी कागदाचा लगदा किंवा हलके लाकूड वापरावे. सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात 2018 पासून बंदी आहे, आणि स्क्रू धरून ठेवायला ते तसेही कुचकामीच होते.

ध्वनिमुद्रण बाजारातले घेण्यापेक्षा शक्य असेल तर आपल्या आळीतल्या भजनी मंडळाचे करावे. एक फोन गायकापुढे आणि दुसरा डग्ग्याजवळ ठेवावा, आरंभी सगळ्यांसाठी एकदा जोरात टाळी वाजवावी आणि नंतर त्या टाळीवर दोन्ही मुद्रणे जुळवावीत. डग्ग्याजवळच्या मुद्रणात ठोक्यांच्या कडा इतक्या स्वच्छ मिळतात की लेबले टाकण्याचे कष्ट निम्म्यावर येतात. लोकांना ऐकवायचे ते गायकापुढचे मुद्रण. दुसरे फक्त खुणा काढण्यापुरते.

शेवटची तपासणी डोळ्यांवर सोडू नये. फोनमधल्या 240 फ्रेमच्या मंदगती चित्रणाने तबलजीचे हात टिपावेत. एक फ्रेम सुमारे चार मिलीसेकंदांची असते. चित्रणात आवाजही मंद ऐकू येतो, त्यामुळे 'धा' चा आरंभ आणि हात खाली टेकल्याची फ्रेम यांतले अंतर मोजता येते. हात उशिरा पडत असेल तर उजव्या वाहिनीतले सगळे टिक एकदम तेवढे आधी सरकवावेत, एकेका सर्वोशी झुंजत बसू नये. एकाच हाताचा फरक उरला तर त्या हाताच्या स्पोकचे आटे आणि रबरबँडचा ताण तपासावा. तपासणी बाहुल्यांना पूर्ण कपडे घालून, चौथरा बंद करून आणि सर्वो अर्धा तास चालून तापल्यावर करावी. एसजी-90 चे गिअर दहा दिवस सतत चालवण्यासाठी बनलेले नाहीत, तेव्हा तबलजीच्या दोन्ही हातांना धातूच्या गिअरचे एमजी-90 एस लावावेत, दोन सर्वो जादा आणून ठेवावेत आणि चौथऱ्याची मागची फळी बिजागरीवर बसवावी.